उजनी कालवा सल्लागार समितीस खुले पत्र : आवर्तनाच्या हिशोबात मासाही धरा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
कालवा सल्लागार समिती, उजनी प्रकल्प, सोलापूर

प्रत माहितीसाठी : जिल्हाधिकारी, सोलापूर, मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

महोदय,

पावसाळा सरला की आपली बैठक लागते. धरण किती टक्के भरले, रब्बीला किती आवर्तने (कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या) द्यायची, उन्हाळ्यासाठी किती राखायचे, सोलापूर शहरासाठी नदीतून औज बंधाऱ्यापर्यंत पाणी कधी सोडायचे, पंढरपूरच्या वारीला किती, बोगद्यातून सीनेला किती, उपसा योजनांना किती, याचे टीएमसीत (अब्ज घनफुटांत) वाटप होते. आमदार आपापल्या तालुक्यासाठी भांडतात, शेतकरी संघटना निवेदने देतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे आकडे पेपरात येतात. त्या तक्त्यात एक रकाना कधीच नसतो. त्या पाण्यात वाढणाऱ्या माशाचा, आणि करमाळा, माढा, इंदापूरच्या काठावर त्या माशावर घर चालवणाऱ्यांचा.

आम्ही जाळे टाकणारे, लिलावात मासळी घेणारे आणि जलाशयाच्या पाण्याची तपासणी करणारे असे मिळून हे पत्र लिहीत आहोत. आम्हाला कोणाच्या वाट्याचे पाणी नको. मासा पाणी संपवत नाही. त्याचा प्रश्न एवढाच, की पाणी किती वेगाने खाली जाते, कोणत्या महिन्यात जाते आणि वरून येताना काय घेऊन येते. या तिन्ही गोष्टींवर आपल्या समितीचा शब्द चालतो. म्हणून पत्र आपल्याला.

उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ५३.५७ टीएमसी उपयुक्त आणि ६३.६६ टीएमसी मृत. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढली जाते, म्हणून बातमीत ‘उजनी शून्यावर’ आले तरी तळाशी निम्म्याहून जास्त पाणी असते. उन्हाळाभर मासा जगतो तो याच पाण्यात. २०२३ च्या पावसाळ्यात धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरले आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठच्या जवळ गेले. उणे साठ म्हणजे ५३.५७ च्या साठ टक्के, सुमारे ३२ टीएमसी, मृत साठ्यातूनही उपसले गेले. कागदावर उरले साडेएकतीस. धरण बांधल्यापासून साचलेला गाळ त्यातून वजा करा, की प्रत्यक्षातले पाणी आणखी कमी भरते.

उणेमध्ये पाणी गेले की जलाशय पसरट राहत नाही, जुन्या भीमेच्या पात्रात शिरतो. पळसदेवचे बुडालेले मंदिर उघडे पडते, पेपरात फोटो येतात, लोक बघायला जातात. त्याच आठवड्यात केत्तूर, चिखलठाण, कुगावकडच्या उथळ खाड्या कोरड्या होत जातात आणि सगळा मासा पात्रातल्या डोहांत गोळा होतो. डोहात मासा सापडायला कौशल्य लागत नाही. दोन होड्या आणि एक लांब जाळे पुरते. पुढच्या पावसाळ्यात अंडी घालणारी तीन-चार किलोची कटला आणि रोहूची मादी मेच्या शेवटच्या आठवड्यात लिलावात येते ती इथूनच. कटला साधारण तिसऱ्या वर्षी अंड्यावर येते. म्हणजे एका उन्हाळ्यात ही मादी गेली की तुटलेली साखळी जुळायला तीन वर्षे लागतात, तेही पुढचे तिन्ही उन्हाळे बरे गेले तर.

यावर उपाय पाणी न देण्याचा नाही. पिण्याचे पाणी पहिले, यात वाद नाही. उपाय असा, की पातळी उणे वीसच्या खाली गेली की जलाशयातले पाच-सहा खोल डोह आपोआप राखीव व्हावेत. आपोआप म्हणजे त्या वेळी वेगळी बैठक, वेगळा आदेश, वेगळी सही नको. ऑक्टोबरच्या ठरावातच ते लिहिलेले असावे. डोह कोणते, हे जुन्या नकाशापेक्षा काठावरचे लोक जास्त अचूक सांगतील. चार कोपऱ्यांना लाल डबे तरंगत बांधले, की हद्द कळते. तिथे जाळे नाही, गळ नाही आणि पंपाचे फूटव्हॉल्व्हही नाहीत.

पातळी उतरण्याच्या वेगाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून ते थोडे सविस्तर. सायप्रिनस (कॉमन कार्प) हा मासा जानेवारी ते मार्च आणि पुन्हा पावसाळ्यात अंडी घालतो. त्याची अंडी चिकट असतात. काठालगतच्या गवताला, शेवाळाला, बुडालेल्या काटक्यांना ती चिकटतात. पाणी असते वीत-दीड वीत खोल. पिल्लू बाहेर यायला दोन ते तीन दिवस लागतात. आता फेब्रुवारीत कालवा, बोगदा आणि नदी तिन्ही एकदम सुरू केले आणि पातळी दिवसाला दहा सेंटिमीटर उतरली, तर तीन दिवसांत तीस सेंटिमीटर पाणी मागे सरते. अंडी गवतावर सुकतात. तिन्ही दारे एकाच दिवशी उघडण्याऐवजी चार-पाच दिवसांच्या अंतराने उघडली, तर शेतकऱ्याला मिळणारे एकूण पाणी तेवढेच राहते आणि अंड्यांना वेळ मिळतो. ज्या दिवशी आवर्तनाचा कार्यक्रम जाहीर होतो, त्याच दिवशी पातळी रोज किती सेंटिमीटर उतरेल याचा अंदाजही जाहीर करावा. अभियंत्यांकडे साठा आणि पातळीचा तक्ता असतोच. गणित अर्ध्या तासाचे आहे.

आता वरून येणाऱ्या पाण्याकडे. सोलापुरात जुलै लागला की जो तो ‘दौंडचा विसर्ग किती?’ म्हणजे दौंडहून उजनीत किती पाणी येते, हे विचारतो. आकडा वाढला की आनंद. माशाच्या दृष्टीनेही तो वर्षातला सगळ्यात मोलाचा क्षण. कटला, रोहू, मृगळ साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना गढूळ, वाहते, चढते पाणी लागते. पहिला लोंढा आला की ते जलाशय सोडून वर नदीकडे चढतात. त्यांची अंडी चिकट नसतात, पाण्याबरोबर वाहत खाली येतात आणि २७ ते ३० अंश तापमानात १४ ते २० तासांत फुटतात. त्या तासांत पाण्यात प्राणवायू नसेल, तर अख्ख्या वर्षाचे नैसर्गिक बीज गेले.

आणि नेमके पहिलेच पाणी सगळ्यात वाईट असते. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन भीमेला मिळतात. इंद्रायणी तुळापूरला, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला. खाली नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. ऑक्टोबरमध्ये बर्गे (पाणी अडवण्याच्या फळ्या) घातले, की ते पाणी उन्हाळाभर बंधाऱ्यामागे साचून राहते. तळाला काळा, सडलेला गाळ बसतो, वर जलपर्णीची चादर. जलपर्णीखाली ऊन जात नाही, वारा लागत नाही, पाणी मरते. जूनमध्ये घाईघाईने बर्गे काढले किंवा पुराने ते उडाले, की सात-आठ महिन्यांचा तो गाळ एका रात्रीत ढवळून खाली येतो. ढवळलेला गाळ पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. चढणीला निघालेला मासा त्याच लोंढ्याला समोरून भिडतो.

यात दोन कामे आहेत. मोठे काम पुण्यात आहे आणि ते आपल्या हातात नाही, हे मान्य. मुळा-मुठा शुद्धीकरणाचा प्रकल्प जपानच्या कर्जातून २०१६ मध्ये मंजूर झाला; ९९० कोटी रुपये, ११ केंद्रे, रोजची क्षमता ३९.६ कोटी लिटर. केंद्र बांधून होणे आणि त्यातून बाहेर पडणारे पाणी मापात असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये अशा पाण्यासाठी बीओडीचे (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते, त्या मापाचे) प्रमाण लिटरला कमाल १० मिलिग्रॅम ठरवले. समितीने पुण्याकडे महिन्याला फक्त हा एक आकडा मागावा, केंद्रनिहाय. ‘किती टक्के काम पूर्ण’ हे विचारण्यात वर्षे गेली.

छोटे काम मात्र आपले आहे. बर्गे टप्प्याने काढायचे. मेच्या अखेरीस वरची एक-एक रांग काढून साचलेले पाणी थोडे थोडे सोडायचे, म्हणजे गाळ एकदम सुटत नाही. एका बंधाऱ्याचे काढल्यावर खालच्याचे दोन-तीन दिवसांनी. बर्गे काढण्याआधी मागची जलपर्णी काठावर ओढून घ्यायची, खाली ढकलायची नाही. आणि ओढलेली जलपर्णी पूररेषेच्या वर टाकायची. दरवर्षी ती काठाला ढीग करून ठेवतात आणि पहिल्या पुरात ती सगळी उजनीत येते. ठेकेदाराचे बिल मात्र तोवर निघालेले असते.

मासे मेल्यावर काय होते, ते समितीतल्या प्रत्येकाने समजून घ्यावे, कारण त्यावरच ‘उजनीचे पाणी योग्य’ असे अहवाल तयार होतात. उन्हाळ्यात उजनी हिरवी पडते. सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर निळे-हिरवे शेवाळ वाढते. दिवसा ऊन असेपर्यंत हे शेवाळ प्राणवायू सोडते. दुपारी दोन वाजता मीटर लावला तर लिटरला ९ किंवा १० मिलिग्रॅम दाखवेल. तीस अंशाच्या पाण्यात मुळात साडेसात मावतो, म्हणजे हा आकडा चांगल्या नव्हे, आजारी पाण्याचा आहे. रात्री तेच शेवाळ प्राणवायू खाते. पहाटे पाच-साडेपाचला तो दोनच्या खाली येतो. कार्प माशाला पाचच्या वर हवा, तीनच्या खाली तो गुदमरतो. मग मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडे ठेवून फिरतात, आणि सूर्य वर यायच्या आत तरंगू लागतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात मत्स्यजीवनासाठीच्या पाण्याला प्राणवायू किमान ४, सामू (पीएच) ६.५ ते ८.५ आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, अशी अट आहे. दुपारी घेतलेला नमुना प्राणवायूची अट सहज पास होतो. पहाटेचा होत नाही.

अमोनियाचेही तसेच. पंचवीस अंशाला सामू ७ असताना एकूण अमोनियातला विषारी भाग अर्धा टक्का असतो, ८ ला पाच टक्के, ९ ला छत्तीस टक्के. शेवाळ दुपारी सामू वर नेते. म्हणजे प्राणवायू पहाटे पाहायचा आणि अमोनिया-सामू दुपारी. एकाच वेळी एकच बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवली, तर दोन्हीपैकी एक दोष नक्की निसटतो.

नमुना कसा घ्यायचा, हे काठावरच्या दहा-बारा तरुणांना एका दिवसात शिकवता येते. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली पाण्यात तिरकी बुडवायची, बुडबुडा न राहता भरायची, टोपण पाण्याखालीच लावायचे. होडीत घेतल्यावर टोपण काढून पिपेटचे टोक पाण्यात बुडवून आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइड अझाइड, एक-दोन मिलिलिटर. टोपण लावून उलटसुलट करायची. तळाशी तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे. जितका गडद, तितका जास्त. साका पांढराशुभ्र राहिला तर पाण्यात प्राणवायू नाही, आणि हे सांगायला प्रयोगशाळाही लागत नाही. नेमका आकडा हवा असेल तर आम्ल घालून ती बाटली अंधारात ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत पोचवायची. पृष्ठभाग, दोन मीटर आणि पाच मीटर अशा तीन खोलींवर घ्यावे. नुसते वरचे पाणी घेतले तर तळाची परिस्थिती कळत नाही, आणि वारा सुटून तळाचे पाणी वर आले की मासे का मेले, याचे उत्तर कोणाकडेच नसते.

मेलेला, फुगलेला मासा तपासायला नेऊन उपयोग नाही. तडफडणारा, पण जिवंत मासा घ्यावा, बर्फात ठेवावा, फ्रीझरमध्ये नाही. कल्ल्याचा एक तुकडा दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये. पंचनाम्यात दोन गोष्टी हमखास राहून जातात, त्या लिहाव्यात : किती वाजता मासे वर आले, आणि कोणत्या आकाराचे मेले. मोठे मासे पहाटे मेले आणि लहान वाचले, तर बहुधा प्राणवायूची कमतरता. लहान मासे, झिंगे, बेडूक सगळेच, दिवसाच्या कोणत्याही वेळी मेले, तर पाण्यात विष मिसळले आहे; मग कारखान्याची मळी असो की फवारणीचे औषध. या दोन ओळी नसल्या, की चौकशी हवेत जाते.

हे पाणी फक्त माशांचे नाही. पाकणी आणि सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोचणारे पाणी उजनीतूनच निघते. काही जलवाहिनीने थेट, काही नदीतून औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून. तिथे क्लोरिनचा डोस वाढवावा लागला की शहरात वासाच्या तक्रारी येतात. पहाटेचे आकडे रोज दौंड, कुगाव आणि भीमानगर या तीन ठिकाणांहून मिळाले, तर महापालिकेला दोन दिवस आधी सावध होता येईल. मासेमाराची होडी पहाटे चारला पाण्यावर असतेच.

आता आमच्या बाजूचे. उजनीत वडाप चालते, हे सगळ्यांना माहीत आहे. डासांच्या जाळीइतका बारीक आस (जाळ्याचे छिद्र), लांब जाळे, दोन्ही टोकांनी काठाकडे ओढत आणायचे. बोटुकली, म्हणजे बोटाएवढे पिल्लूसुद्धा सुटत नाही. वीस ग्रॅमची बोटुकली धरली तर किलोत पन्नास बसतात, आणि तो किलो सुकवून किंवा खाद्यासाठी मातीमोल जातो. त्या पन्नासातल्या निम्म्याच जगल्या आणि वर्षाने पाऊण किलोच्या झाल्या, तरी अठरा-एकोणीस किलो मासळी झाली असती. वडाप बंद झालेच पाहिजे, यात आमच्यात दुमत नाही.

पण ते बंद करण्याची आजची तऱ्हा चुकीची आहे. पथक येते, काठावरच्या एखाद्याचे जाळे जाळते, फोटो काढते. तो आठवड्याने कर्ज काढून दुसरे जाळे आणतो. बारीक आसाचे जाळे दुकानात उघड मिळते. बोटुकल्यांची पोती टेम्पोतून जातात, बर्फाशिवाय जातात, वासानेच कळतात. कारवाई तिथे करा. लिलावात किमान आकाराखालचा माल आला तर अडत्याचा परवाना थांबवा. जाळे टाकणारा आपोआप थांबेल, कारण घेणाराच उरणार नाही. तपासणी कशी करायची, तेही सांगतो : ओले जाळे घ्यायचे, सलग दहा आस ताणायचे, एकूण लांबीला दहाने भागायचे. एक आस मोजला की वाद होतो.

आणि सरसकट एकच आस लावू नका. कटला-रोहूसाठी ताणून १०० मिलिमीटर किंवा त्यापुढचे जाळे बरोबर. पण उजनीतल्या बऱ्याच घरांची रोजची कमाई चिलापीवर (तिलापिया) आहे आणि चिलापी ६० ते ७५ च्या जाळ्यातच येते. शंभरची सक्ती केली तर चिलापीवाला उपाशी राहील किंवा चोरून वडाप टाकेल. म्हणून लहान आसाला जागा आणि महिने ठरवून द्या : डोहांबाहेर, आणि दौंडचा पहिला लोंढा आल्यापासून पुढचे दोन महिने नाही. त्या दोन महिन्यांत महाजाळी, वडाप, पंड्या यांतले कोणतेच जाळे नको. बंदी १ जूनला सुरू करण्यापेक्षा लोंढ्याशी जोडा. पाऊस लांबला तर जूनभर घरात बसवून ऑगस्टमध्ये अंड्यावरचा मासा मारायला मोकळे सोडणे, यात शहाणपण नाही. बंदीच्या काळात परवानाधारकाला काही मदत मिळणार असेल तर तिचा विचार मत्स्यव्यवसाय विभागाने करावा. आम्ही ती अट घालत नाही.

मत्स्यबीज सोडण्याचे कार्यक्रम होतात, त्याबद्दल बोलले की पाहुण्यांना राग येतो. तरी बोलतो. बीज पिशवीतून काढून थेट पाण्यात ओतू नये. प्राणवायू भरलेली पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटे जलाशयात तरंगत ठेवायची, आतले आणि बाहेरचे तापमान सारखे होऊ द्यायचे, मग तोंड सोडून थोडे थोडे बाहेरचे पाणी आत घ्यायचे. पिल्ले आपणहून बाहेर पडतात. वेळ सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतरची. भर दुपारी बारा वाजता, घाटावर मंडप घालून, कळशीतून सोडलेले बीज फोटोपुरते जगते. आकारही महत्त्वाचा : पंचवीस मिलिमीटरचे मत्स्यबीज मोठ्या जलाशयात म्हणजे मरळ, वाम आणि शिंगट्याचे खाद्य. किमान ८० ते १०० मिलिमीटरची बोटुकली हवी. मोठ्या जलाशयाला हेक्टरी ५०० हे प्रचलित प्रमाण धरले तर उजनीचा आकडा कोटीच्या पुढे जातो, आणि एवढी बोटुकली बाहेरून विकत आणणे परवडत नाही. काठालगतच्या गावतळ्यांत आणि शेततळ्यांत मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले) वाढवले तर दोन-तीन महिन्यांत बोटुकली तयार होते. ती मासेमार संस्थांकडून मोजून विकत घ्या. पूर ओसरल्यावर, दरवाजे बंद झाल्यावर, करमाळ्याकडच्या उथळ भागात सोडा. भिंतीजवळ सोडली तर विसर्गाबरोबर पंढरपूरला जाते.

गाळपेर जमिनीचे एक वाक्य तरी ठरावात यावे. पाणी मागे सरेल तशी जमीन कसायला दिली जाते, तिच्यावर मका, चारा, भाजी होते. आमचे तिथे कोणाशी वैर नाही. कित्येक घरांत एक भाऊ मासेमार, एक गाळपेर करणारा आहे. पण तणनाशक आणि कीटकनाशक मारलेली तीच जमीन जुलैत पाण्याखाली जाते, आणि पावसाळ्यात पिल्ले सगळ्यात आधी त्याच उथळ पाण्यात चरायला येतात. परवान्यात दोन अटी घाला : १५ मेनंतर फवारणी नाही, आणि पाण्याच्या कडेपासून ठरावीक पट्टा न नांगरता मोकळा. काठावरच्या मोटारींच्या केबल पाण्यात लोंबत असतात, त्यांचेही पाहा. ओल्या जाळ्याला तुटलेली केबल लागली की काय होते, ते सांगायची गरज नसावी.

वाळूच्या यांत्रिक बोटींबद्दल आम्ही नवीन काही सांगत नाही. जिलेटिनने बोटी उडवल्याच्या बातम्या येतात, महिन्याने दुसऱ्या बोटी येतात. सक्शन पाइपने तळ उपसला की तळाचे किडे-शिंपले जातात, गढूळपणा राहतो, डिझेल सांडते आणि रात्री आमची जाळी कापली जातात. बोटीपेक्षा काठावरचा रस्ता अडवणे सोपे आहे. वाळू शेवटी ट्रकमधूनच जाते.

सकर मासा आता उजनीतल्या जवळजवळ सगळ्या जाळ्यांत येतो. काचेच्या टाकीतला शोभेचा मासा कोणीतरी नदीत सोडला आणि तो पसरला. अंगावर हाडाची ढाल, पंखांना काटे. जाळ्यात गुंतला की काटा सुटत नाही, आस कापूनच काढावा लागतो; रात्रीत वीस-पंचवीस लागले तर सकाळ जाळे शिवण्यात जाते. त्याला बाजार नाही, म्हणून बरेच जण परत पाण्यात फेकतात. हे थांबवायला प्रत्येक उतरण्याच्या ठिकाणी एक खड्डा आणि किलोमागे काही रुपये एवढे पुरे. थाई मांगूर या परदेशी माशावर केंद्राने २००० सालीच बंदी घातली आहे. तरी काठालगतच्या तळ्यांत तो पाळला जातो आणि पुरात उजनीत उतरतो. ही तळी शोधायला ड्रोन नको, त्यांच्या वासावरून सापडतात.

पिंजऱ्यातील मत्स्यसंवर्धन, तरंगते सौर पटल, जलपर्यटन अशा योजनांची चर्चा आहे. त्यांना विरोधासाठी विरोध नाही. पिंजऱ्याच्या जागी वर्षभर किमान दहा मीटर पाणी लागते, आणि उणे साठला जाणाऱ्या जलाशयात ते भिंतीजवळच्या जुन्या पात्रात सोडून फारसे कुठे मिळत नाही. म्हणजे सगळ्या योजनांचे डोळे त्याच तुकड्यावर असणार, जो उन्हाळ्यात माशाचा शेवटचा आसरा आहे. पाण्याचा कोणताही तुकडा भाड्याने देण्यापूर्वी उणे साठ पातळीचा नकाशा समोर ठेवा, पूर्ण भरलेल्या धरणाचा नको. प्रवासी बोटींबाबत २१ मे २०२४ ला कुगाव-कळाशी मार्गावर सहा जणांचा जीव गेला आहे. लाइफ जॅकेटशिवाय आणि वाऱ्याचा इशारा असताना होडी सुटू नये, हा नियम पर्यटकांच्या बोटीइतकाच मासेमाराच्या होडीलाही लावा. जॅकेट परवान्यासोबतच द्या.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आम्हाला हे हवे आहे : राखीव डोहांची यादी, आवर्तन टप्प्याने सुरू करण्याचा कार्यक्रम, बर्गे काढण्याच्या तारखा आणि पहाटेच्या नमुन्यांची तीन ठिकाणे. समितीत मासेमारांचा किमान एक प्रतिनिधी निमंत्रित म्हणून बसवावा. मताचा अधिकार नसला तरी चालेल, तक्ता समोर यायला हवा. बैठकीची तारीख आठ दिवस आधी कळवावी. त्या आठ दिवसांतले पहाटेचे आकडे, तिन्ही खोलींचे, आम्ही लिहून आणू. आपल्या प्रयोगशाळेनेही त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, पहाटे पाचला नमुने घ्यावेत. होडी आमची.

आपले,
उजनी जलाशयाच्या काठावरील मासेमार, मासळी व्यापारी आणि जलतपासणी करणारे कार्यकर्ते
करमाळा–माढा, जि. सोलापूर